सांध्यावर अडणारं इंजिन

श्रावणात लोणावळ्याचं धुकं कुणाची परवानगी न घेता घरात येतं. खिडकी लावली तर फटीतून येतं, दार लावलं तर कुणीतरी ते उघडेपर्यंत ओट्यावर बसून राहतं. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, चपलांना बुरशी धरते. कपाटात बल्ब लावून ठेवला नाही तर कपड्यांचा कुबट वास दिवाळीपर्यंत जात नाही. या सगळ्याची मला जन्माची सवय आहे. भीती वाटते ती मागच्या खोलीतल्या रुळांची. सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून लख्ख केलेले रूळ दुपारच्या चहापर्यंत मंद पडतात, त्यांच्यावर दिसेल न दिसेल अशी साय धरते, आणि मला गेल्या वर्षीचा श्रावण आठवतो.

मागच्या खोलीत माझा घाट आहे. प्लायवूडच्या फळीवर, रद्दी पेपर खळीत भिजवून रचलेले डोंगर, पाइपाच्या तुकड्यांचे बोगदे, नारळाच्या काथ्याची झाडी, आणि त्यातून वळणं घेत जाणारा, बोटभर रुंदीचा लोहमार्ग. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा बायकोला, सुनंदाला, वाटलं होतं की महिनाभराचा नाद आहे. आता आल्यागेल्याला ती सांगते, "निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. आमचे हे खंडाळ्याला गेले, तेही घरातल्या घरात."

आयुष्यभर मी ड्राफ्ट्समन होतो. लोकलनं घोरावाडीला उतरायचं, कारखान्यात जायचं आणि मोठ्या टेबलावर वाकून यंत्रांचे नकाशे काढायचे. पुढे कॉम्प्युटर आले, पण त्याआधीची बरीच वर्षं माझ्या हाताच्या रेघेवर गेली. पट्टी न लावता मारलेली माझी रेघ नवीन मुलांना दाखवायला साहेब घेऊन जायचे. याचा मला किती माज होता हे सुनंदाला विचारावं. भाजी चिरताना तिची चकती जाड-बारीक झाली तरी मी बोलून दाखवायचो.

गेल्या वर्षी आषाढ संपता संपता, याच खोलीत, मी रुळांच्या कडेनं खडी पसरत होतो. खडी म्हणजे विटेचा चाळलेला चुरा. तो चमच्याच्या टोकानं, रुळावर एकही कण न पडू देता टाकावा लागतो. मध्येच दमलो म्हणून चमचा खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला आणि बाहेर धुक्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की मांडीवर काहीतरी हलतंय. मला वाटलं खिशातला फोन असेल. फोन खिशात नव्हता. माझा उजवा हात आपला आपण, अंगठा बोटांवर घासत, हलत होता. चमचा उचलला की थांबे. ठेवला की पुन्हा सुरू.

मी उठून खोलीचं दार लावलं. कुणी बघू नये, एवढंच पहिल्यांदा सुचलं.

कारण तो हात माझ्या ओळखीचा होता. तो आबांचा हात होता.

आबा म्हणजे माझे वडील. भाजे गावचे शेतकरी, आणि भातलावणी, कापणी सांभाळून रेल्वेत सांधेवाला. सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवण्याची जागा, आणि सांधेवाला म्हणजे लिव्हर ओढून तो सांधा फिरवणारा माणूस. आबांची नेमणूक घाटात कॅच सायडिंगला होती. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती खाली कुठवर जाईल याचा नेम नाही, म्हणून मुख्य मार्गातून एक रूळ डोंगरावर चढवलेला असे, शेवटी वाळू. आणि रीत अशी की सांधा कायम त्या चढाच्या रुळाकडे लावलेला. उतरणारी प्रत्येक गाडी तिथं पूर्ण थांबली पाहिजे. थांबून दाखवलं, शिट्टी दिली, की मग आबा सांधा फिरवून तिला खालचा रस्ता देणार. मेल असो, मालगाडी असो, गाडीत कुणीही बसलेलं असो. लहानपणी मला याचा फार अभिमान होता. सगळ्या गाड्या माझ्या बापापुढे थांबतात, असं मी शाळेत सांगायचो आणि ते खरंही होतं.

पुढे नोकरी संपल्यावर आबांचा हात हलायला लागला. गावात म्हणायचे, लिव्हर धरून धरून झालंय. आम्हीही तेच धरून चाललो. मग शर्टाची बटणं लागेनात. ताटातला भात तोंडापर्यंत निम्मा पोचायचा. मग चेहरा हलायचा थांबला. हसलेत की रागावलेत ते कळेना. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटायचे आणि आम्ही मागून म्हणायचो, "चला आबा, चला की." ते उंबऱ्याकडे बघत उभे राहायचे. तेव्हा मी तरुण होतो, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा. ते घाबरले असतील असं एकदाही मनात आलं नाही.

मी आयुष्यात लिव्हर ओढला नव्हता. त्यामुळे माझ्या हाताला तेही कारण नव्हतं.

डॉक्टरकडे जायला हवं, हे कळायला शहाणपण लागत नाही. पण मी स्वतःला सांगितलं, आधी इंजिनाचं मार्गी लागू दे. घाट तयार होता आणि त्यावर चालायला गाडीच नव्हती. सुरुवातीला हौसेनं घेतलेलं मोठं डिझेल इंजिन माझ्या आवळ वळणांवर दर फेरीला रुळावरून उतरायचं. खोली लहान, म्हणून वळणं आवळ, म्हणून इंजिन आखूड हवं. मला हवं होतं ते लहानपणी लोणावळ्याच्या यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं कोळशाचं बुटकं इंजिन. सुनंदा म्हणाली, "पण घाटात तर तुमच्या जन्माआधीपासून विजेची इंजिनं होती ना? मग हे कोळशाचं कशाला?" मी म्हणालो, या घाटाचा जनरल मॅनेजर मी आहे. ती म्हणाली, "मग जनरल मॅनेजरांनी परवडेल ते घ्यावं."

तो सबंध श्रावण मी इंजिन निवडण्यात घालवला. एखाद्या कामात माणूस किती खोल बुडू शकतो याला मर्यादा नाही, विशेषतः बाहेर येण्याची भीती असेल तर. फोनवर तासन्‌तास चित्रफिती बघायच्या. जुनी इंजिनं विकणाऱ्यांना प्रश्न विचारायचे, पुन्हा तेच प्रश्न फिरवून विचारायचे. पितळी इंजिनं नुसती बघायची, घेण्याची ऐपत नव्हतीच. स्वस्तातली दोन उरली. एक चार चाकांचं, डबीएवढं. दुसरं सहा चाकांचं, थोडं लांब, सुरेख, नळ्या आणि दांडे वेगळे दिसणारं. जाणकारांचं एकमत होतं की सहा चाकांचं घ्यावं. ही इंजिनं वीज घेतात ती रुळातून, चाकांवाटे. सांध्याच्या मधोमध प्लास्टिकचा तुकडा असतो, तिथं वीज नसते. सहा चाकं असली की कुठलं तरी चाक विजेवर राहतं. चार चाकांचं त्या तुकड्यावर नेमकं उपाशी पडतं आणि थांबतं. त्यातून लोणावळ्याची ओल आणि रुळावरची साय. प्रश्नच नव्हता.

उजवा हात मी सतत कशात तरी गुंतवून ठेवत असे. बाजारात पिशवी, घरात पेपर, सुनंदासमोर चहाचा कप. रिकामा हात म्हणजे उघडा पडलेला हात. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येई. पोरं गाडीच्या टपावर बसून ओरडत, कणसाचा धूर धुक्यात मिसळून सगळीकडे पसरे. एकदा त्या रांगेत एक रुग्णवाहिका अडकून किंचाळत राहिली आणि मी खिडकीतून सरकून आतल्या खोलीत जाऊन बसलो. तिच्यात आपणच आहोत असं वाटायला लागलं होतं. घाबरट मी आधीपासूनच, पण इतका नव्हतो.

पुण्याला पेठेत या वस्तूंचं एक छोटं दुकान आहे. सुनंदा म्हणाली, मीही येते, लक्ष्मी रोडला काम आहे. दुकानदार तरुण, मिठ्ठास बोलणारा. त्यानं काउंटरवर हातभर रूळ टाकले होते. सहा चाकांचं इंजिन त्यानं डबीतून काढलं, मी बघतच राहिलो. इतकं देखणं होतं.

"काका, तुम्हीच ठेवा रुळावर," तो म्हणाला. "घरी तुम्हालाच ठेवायचंय."

मी घेतलं. कामात असला की हात शांत राहतो, हा माझा सगळा आधार होता. पण बाजूला सुनंदा उभी होती, समोर तो मुलगा बघत होता, आणि हात हलला. एक चाक बसलं की दुसरं उतरे. पुढचं जमवलं की मागचं घसरे. चाकं रुळावर टकटक वाजत होती आणि दुकानात दुसरा आवाज नव्हता. मुलगा म्हणाला, "घाई नाही काका, सवयीनं होतं." सुनंदा भिंतीवरच्या खोक्यांकडे बघत होती, फार लक्ष देऊन बघत होती.

मी ते खाली ठेवलं आणि चार चाकांचं उचललं. ते पहिल्याच झटक्यात बसलं.

"हे द्या," मी म्हणालो.

"काका, हे सांध्यावर अडतं बरं का. नंतर म्हणू नका."

"चालेल."

परतीच्या दुपारच्या लोकलला गर्दी नव्हती. वडगाव गेलं, कान्हे गेलं. दोन्ही बाजूंना लावणी झालेली भातखाचरं, पाण्यात उभी. इतका हिरवा रंग एरवी मला सुख देतो. त्या दिवशी मी मांडीवर खोकं ठेवून त्यावर दोन्ही हात दाबून बसलो होतो.

"ते दुसरं तुम्हाला जास्त आवडलं होतं," सुनंदा म्हणाली.

"महाग होतं."

"तुम्ही किंमत विचारलीच नाहीत."

मळवली येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत राहिलो.

इंजिन दुकानदार म्हणाला तसंच निघालं. सरळ रुळावर झोकात जायचं, बोगद्यातून शहाण्यासारखं बाहेर यायचं, आणि कॅच सायडिंगचा सांधा आला की मेल्यासारखं थांबायचं. दुसऱ्या कुणी मांडणी केली असती तर त्या जागी सांधाच नसता. खेळातल्या रुळांना ब्रेक फेल व्हायची काय भीती. पण आबांचा मुलगा घाट करणार आणि त्यात कॅच सायडिंग नसणार, हे कसं शक्य होतं? वर मी तिथं एकामागोमाग दोन सांधे घातलेले आणि त्यांतला पुढचा रीतीप्रमाणे चढाकडे लावलेला. दर फेरीला थांबायचं, सांधा फिरवायचा, इंजिनाला बोटानं जरासं हलवायचं. दुसऱ्याच्या घरी हा दोष ठरला असता. मला तो आमच्या घरचा रिवाज वाटला.

पंधरवड्यानं माझा थोरला भाऊ भाज्याहून आला. त्याला आम्ही भाऊच म्हणतो. अजून शेती बघतो, पंच्याहत्तरीला टेकलाय, दोन्ही हात खणखणीत. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात पिशवी.

"कर्टुली आनलीत, सुनंदा. आजची तोड हाय. जास्त शिजवू नगं."

मग मागच्या खोलीत येऊन बसला. मी इंजिन सोडलं. ते बोगद्यातून आलं आणि सांध्यावर थांबलं. भाऊ पुढे वाकला, नीट बघितलं आणि मोठ्यांदा हसला.

"ही कॅच सायडिंग व्हय? आन इंजिन आपनहून थांबतंय? आरं, आबाला लय आवडलं असतं. त्यांच्या नोकरीत एक बी गाडी इतकी शहाणी न्हवती."

मीही हसलो. हसताना हात मांडीवर गेला. भाऊनं तो बघितला. त्यानं आपला जाड, चिरा पडलेला हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. त्याच्या हाताखाली माझा हात हलतच होता.

"सुनंदानं फोन केलता मला," तो म्हणाला.

मी डाव्या हातानं रुळांची वीज बंद केली.

"आबा भ्यायचे, ठावं हाय का तुला?"

"आबा?"

"व्हय. धुक्यात गाडी दिसायचीच न्हाई म्हनं. नुसता आवाज. वरनं येतीय, येतीय, आन थांबती का न्हाई, ह्यातच जीव अडकल्याला. रोज. थांबली की मंग त्यांना मुतायला लागायचं." भाऊ पुन्हा हसला, पण डोळे पुसले. "शेवटच्या साली मी त्यांची दाढी करीत व्हतो, तवा म्हनले. म्हनले, पोरांना सांगू नगं, त्यांना वाटतंय गाड्या मला भिऊन थांबत्यात."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर धुक्यातली ती सांध्याजवळची केबिन आली. एक माणूस लिव्हरला हात लावून उभा आहे, वरून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून. लहानपणी या चित्रातला माणूस मला धिप्पाड दिसायचा. आता तो माझ्याएवढाच दिसत होता.

"डाक्टरकडं कवा जायचं?" भाऊनं विचारलं.

"इंजिनाचं एकदा मार्गी लागू दे—"

"इंजिन आलंय की."

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला एका लांब पडवीत चालायला लावलं. जा, म्हणाल्या, आणि मी थांबा म्हटलं की थांबा. सुनंदा एका टोकाला पर्स पोटाशी धरून उभी. मी निघालो. पायांचा आवाज मला ऐकू येत होता. "थांबा," त्या म्हणाल्या. मी थांबलो, पण त्याआधी एक पाऊल जास्तीचं पडलं. आपोआप पडलं. मी वळून बघितलं तर त्या लिहीत होत्या. इतका मी कशालाच भ्यालो नाही, आईच्या जाण्यालासुद्धा नाही. ते एक पाऊल मी टाकलं नव्हतं.

कंपवात आहे. आबांना होता तोच. बाईंनी समजावून सांगितलं, आता औषधं चांगली आहेत, लवकर आलात हे बरं केलंत, बरीच वर्षं नीट जातील. मी मान डोलावली. खाली उतरल्यावर सुनंदा म्हणाली, "चहा घेऊ या." कप तिनं दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "माझ्यापुढे आता हात लपवू नका. मला ते बघवत नाही. हाताचं बघवतं." मग आम्ही दोघं भर हॉटेलात रडलो. पोऱ्यानं न मागता पाणी आणून ठेवलं.

तर या वर्षी पुन्हा श्रावण आहे, पुन्हा धुकं ओट्यावर बसलंय. गोळ्यांच्या वेळा सुनंदाच्या फोनमध्ये आहेत. तो वाजला की आम्ही हातातलं काम टाकतो. रेघ आता सरळ येत नाही. सुनंदा मुद्दाम भाजीच्या चकत्या जाड-बारीक चिरते आणि माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, मग आम्ही हसतो. भीती गेली का, असं भाऊ फोनवर विचारतो. न्हाई, मी म्हणतो. तो म्हणतो, जाऊ बी नगं दे, आबाची बी गेली न्हवती.

काल दुपारी वीज होती, रूळ पुसून झाले होते. इंजिन सोडलं. बोगद्यातून आलं आणि सांध्यावर थांबलं. सुनंदा शेजारी होती. "थांबा, मी करते," म्हणाली आणि तिनं आपल्या खंबीर बोटानं त्याला ढकललं. ते रुळावरून उतरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा थांबलं, पुन्हा ढकललं, पुन्हा उतरलं. भाऊचंही असंच होतं, त्याच्या बोटाला तर इंजिन आडवंच होतं. सांध्यावर धक्का चालत नाही. तिथं इंजिनाला जागच्या जागी जरासं हलवावं लागतं, इतकं थोडं की चाक त्या प्लास्टिकवरून विजेवर यावं, बस. मुद्दाम करायला गेलं की ते कुणालाच जमत नाही.

मी उजव्या हाताचं बोट त्याच्या टपावर नुसतं ठेवलं. काही केलं नाही. बोट आपलं आपण हलत राहिलं, आणि त्याच्याखाली इंजिनही थरथरलं, चाक कुठंतरी विजेला लागलं आणि ते सुटलं.

सुनंदानं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. इंजिन वळण घेऊन, काथ्याच्या झाडीआड होऊन, बोगद्यात शिरलं. आतून त्याचा आवाज येत होता, दिसत नव्हतं. मी हात सांध्यावर धरून, कान लावून, घाबरून त्याची वाट बघत राहिलो.